अठ्ठेचाळीस दर्शनं

स्वयंगती प्रतिष्ठानच्या गाडीत बसायचं तर माणसाला आधी आपण अगदीच कुचकामी असल्याचं लिहून द्यावं लागे. गाडी मात्र दिसायला झकास. पांढरीशुभ्र, बाजूला निळ्या अक्षरांत ‘तुमचा प्रवास, तुमच्या हाती’ आणि त्याखाली त्याहून मोठ्या अक्षरांत देणगीदारांची नावं. मागच्या दाराला एक लोखंडी फळी होती. बटण दाबलं की ती खाली यायची, चाकांची खुर्ची तिच्यावर ढकलायची, पुन्हा बटण दाबलं की खुर्चीसकट माणूस वर. त्या सगळ्या गाडीत ही फळी तेवढी खरी होती.

माहुल कोळीवाड्यातल्या सुंदराबाईला त्या फळीशीच मतलब होता. दीड वर्षापूर्वी शिंगाळा माशाचा काटा तिच्या पायाच्या अंगठ्यात घुसला. अंगात साखर, त्यात जखम चिघळली आणि डॉक्टरांनी डावा पाय गुडघ्याखाली काढून टाकला. चाळीस वर्षं घाटकोपरच्या मंडईत एकाच ओट्यावर बसून मासळी विकणारी बाई घरी बसली. मुलगा हरेश्वर गोरेगावला स्टुडिओत लाइटची कामं करायचा. आईवर त्याचा भारी जीव, म्हणून त्याने आईसाठी भिंतीएवढा टीव्ही आणला आणि म्हणाला, “आई, लय केलास. आता आराम कर.”

तिने आराम केला. टीव्हीवर सासवा सुनांना विष घालत होत्या आणि सुना सासवांना. महिनाभरात सुंदराबाईला कळलं की आपण आता भिंतीवरच्या पालीकडे बघून वेळ काढतो आहोत, आणि त्या दिवशी तिला स्वतःची लाज वाटली. तिला मंडईत जायचं होतं. पण जाणार कशी? माहुलच्या बायका मासळीसाठी टेम्पो करतात. त्याचा मागचा फाळका छातीएवढा उंच. धडधाकट बाई चाकावर पाय देऊन चढते. एकदा चार जणींनी सुंदराबाईला उचलून वर घातलं, पण वर घालेपर्यंत “बिचारी गो, काय ही वेळ आयली” असं इतक्या वेळा म्हणाल्या, की ती परत फिरून घरी गेली. रिक्षावाल्यांची तर कथाच निराळी. चाकांची खुर्ची दिसली की त्यांचा गॅस संपायचा.

अशात प्रतिष्ठानची नेत्रा नावाची मुलगी वस्तीत फॉर्म भरून घ्यायला आली. पोरगी स्वभावाने चांगली. पाणी दिलं तर प्यायची, नाकाला रुमाल लावायची नाही. प्रवासाचं कारण म्हणून फॉर्मवर चारच पर्याय होते: रुग्णालय, बँक, नातेवाइकांची भेट आणि देवदर्शन.

“कामाला जायचा असंल तर?” सुंदराबाईने विचारलं.

“ते नाहीये ना त्यात,” नेत्रा म्हणाली. तिलाही ते तेव्हाच लक्षात आलं असावं. “आजी, देवदर्शन टाकू का? ते कितीही वेळा चालतं.”

मंडईच्या पाठच्या गल्लीत दत्ताचं देऊळ होतं. सुंदराबाईने मनातल्या मनात दत्ताची माफी मागितली आणि देवदर्शनावर बोट ठेवलं.

फॉर्मच्या शेवटी एक ओळ होती. तिच्याखाली सही केल्याशिवाय कार्ड मिळत नव्हतं. चौथीपर्यंत शाळा झालेल्या सुंदराबाईने ती अक्षर अक्षर लावून वाचली आणि शेवटच्या शब्दाशी अडली. विचारलं तर नेत्रा टॅबमध्ये डोकं घालून म्हणाली, “तो कॅटेगरीचा शब्द आहे आजी. सगळ्यांचा तोच असतो.”

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. निळी फीत, प्लास्टिकचं पाकीट, आत फोटो आणि फोटोखाली तीच ओळ. प्रवासभर ते गळ्यात हवं असा नियम. मंडईत तिच्या शेजारी बसणाऱ्या माणिकनेही ते उलटसुलट करून वाचून पाहिलं. माणिक सुंदराबाईच्या माहेरकडची, फाटक्या तोंडाची आणि शाळेत सुंदराबाईपेक्षा एक यत्ता कमी.

“पूरनता... परा... वलंबी,” माणिक म्हणाली. “कसली गो लंबी?”

“गाडीची लंबी असंल. लांब हाय ना गाडी.”

“मंग बरा हाय. आमच्या टेम्पोला कोन असा नाव देत नाय.”

तर तीन महिने ही लांब गाडी सुंदराबाईला आठवड्यातून चार दिवस घाटकोपरला आणून सोडत होती. तिचा माल टेम्पोतून माणिकबरोबर पुढे जायचा, कारण गाडीच्या नियमावलीत मासळी, मटण आणि पाळीव प्राण्यांना मनाई होती. ड्रायव्हर विकी तिला सकाळी नऊला देवळाच्या दारात उतरवायचा. ती बाहेरूनच हात जोडायची, खुर्चीची चाकं स्वतःच्या हाताने फिरवत गल्लीतून मंडईत जायची, पदर खोचायची आणि ओट्यावर चढून बसायची. ओटा खुर्चीएवढाच उंच, त्यामुळे बुड सरकवलं की काम झालं. दुपारी तीनला पुन्हा देवळाच्या दारात. विकीला सगळं ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं होतं, “मावशी, दर्शनाला सहा तास लागतात?” तिने त्याच्या हातात कागदात बांधलेली मांदेली ठेवली होती. त्यानंतर त्याने तिच्या भक्तीवर शंका घेतली नाही. मांदेली त्याने डिकीत, स्पेअर चाकाच्या खाली ठेवली आणि नियमावलीही अबाधित राहिली.

रविवारी गाडी बंद असायची. मंडईत मासळीचा सगळ्यात मोठा दिवस रविवार, पण प्रतिष्ठानच्या हिशेबी रविवारी म्हाताऱ्या माणसांना कुठे जायचं असतं? तिला त्याचा संताप यायचा. पण चार दिवस तर चार दिवस, असं म्हणून ती गप्प बसायची.

गप्प बसण्याला कारण होतं. मंडई पाडून नवी बांधायची ठरली होती. नव्या इमारतीत ओटे कमी होणार, म्हणून आधी सर्वे. परवाना ज्याच्या नावावर तो माणूस स्वतः ओट्यावर बसून धंदा करतो का, ते कारकून येऊन डोळ्यांनी बघणार, फोटो काढणार, अंगठा घेणार. करत असेल तर नव्या मंडईत ओटा. नसेल तर नाव कायमचं कट. सर्वे एकदाच, अपील नाही. सर्वेसाठी त्यांनी निवडला गुरुवार, कारण गुरुवारी गिऱ्हाईक कमी, मासळी कमी आणि मुख्य म्हणजे साहेबलोकांना वास कमी. धंदा चालतो की नाही हे बघायला धंदा नसलेला दिवस निवडणारी अक्कल सरकारात कुठून येते, हे सुंदराबाईला कधी कळलं नव्हतं. पण त्या दिवशी ओट्यावर बसायचं हे तिने पक्कं केलं होतं. तो ओटा आधी तिच्या सासूचा होता. सासू कजाग होती, पण मरताना तिने सोनं मुलीला दिलं आणि ओटा सुनेला. सुंदराबाईच्या मते दोघींत आपणच श्रीमंत झालो होतो.

गुरुवारी सकाळी विकीने फळी खाली सोडली आणि म्हणाला, “मावशी, आज तुमची वट आहे. सर येणारेत देवळात. तुमचा सत्कार.”

“माजा? कशाचा?”

“अठ्ठेचाळीस दर्शनं. रेकॉर्ड आहे तुमचा. सरांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. दुसरा नंबर आहे त्याची अकरा.”

सुंदराबाईने कपाळाला हात लावला.

“किती वाजता?”

“अकरा. देणगीदार पण येणारेत, फोटोवाला पण. मी काय बोललो नाही कुणाला, आईशप्पथ.”

“आज मना सर्वे हाय. मी काय शाल घ्यायला थांबनार नाय.”

“मग वाट लागली ना यार माझी,” विकी म्हणाला, पण गाडी त्याने नेहमीसारखीच चालवली.

सर म्हणजे प्रतिष्ठानचे सचिव श्यामकांत. मुलुंडला राहायचे, मोठ्या कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. निवृत्तीनंतर माणसं बागेत पाणी घालतात. यांनी समाजाला घालायला घेतलं. सासष्ट वर्षांच्या सुंदराबाईला ते आजी म्हणायचे. कार्डवाटपाच्या कार्यक्रमात त्यांनी तिच्या खुर्चीचे दांडे धरून, तिला न विचारता, तिला फोटोसाठी उजेडाकडे वळवलं होतं आणि भाषणात सांगितलं होतं की वार्धक्य म्हणजे दुसरं बालपण. सुंदराबाईने त्यांना पाहताक्षणी ओळखलं होतं. मुलुंडहून घाटकोपरला बहिणीकडे येताना हा माणूस वीसेक वर्षं दर रविवारी तिच्या ओट्यासमोर उभा राहायचा. सुरमईचे कल्ले बोटाने उघडून लाल आहेत का बघायचा, डोकं वेगळं बांधायला लावायचा आणि निघताना चार कोळंब्या फुकट मागायचा. तिला त्याने ओळखलं नाही. वीस वर्षं त्याने माशाचं तोंड पाहिलं होतं, तिचं नाही.

मंडईत माणिकने ओटा धुऊन ठेवला होता. गुरुवार असूनही दोघींनी हट्टाने माल आणला होता: एक मोठी सुरमई, दोन वाटे बोंबील, कोळंबी. सुंदराबाई ओट्यावर सरकली, बर्फ नीट केला, सुरी पाण्यात बुडवून ठेवली आणि वाट बघू लागली.

सव्वाअकराच्या सुमारास सर्वेवाला आला. अनंत नावाचा तरुण कारकून, घामेजलेला, हातात टॅब, सकाळपासून साठ ओटे करून कंटाळलेला. माणसं वाईट नसतात, त्यांना रकाने भरायचे असतात. त्याने परवाना बघितला, आधार बघितलं, नाव जुळवलं. “स्वतः बसता?”

“मंग काय भूत बसलंय हितं?”

अनंत हसला. फोटो काढायला टॅब वर धरला आणि थांबला. टॅबच्या पडद्यावर तिच्या छातीवरचं कार्ड ठळक दिसत होतं. गडबडीत ते काढायचं राहून गेलं होतं. तो वाकला आणि वाचू लागला.

“आजी, हे काय आहे?”

“गाडीचं हाय. लांब गाडी.”

“नाही, इथे लिहिलंय. लाभार्थी पूर्णतः परावलंबी. खाली सचिवांची सही.” त्याने डोकं खाजवलं. “मग मी ‘स्वतः व्यवसाय करतात’ असं कसं लिहू?”

“म्हंजे?”

“परावलंबी म्हणजे...” त्याला सांगायला जड गेलं. “म्हणजे ज्याला दुसऱ्याच्या आधाराशिवाय काहीच करता येत नाही. दुसऱ्यावर जगणारा माणूस. पूर्णतः म्हणजे अगदी पूर्ण.”

मंडईत बायका एरवी एकमेकींचं ऐकत नाहीत. हे मात्र सगळ्यांनी ऐकलं. माणिकच्या हातातली सुरी थांबली.

सुंदराबाईचं तोंड तापलं. तीन महिने, चार चार दिवस, ती ही पाटी गळ्यात घालून घाटकोपरच्या गल्लीतून स्वतःच्या हाताने चाकं फिरवत आली होती. तळहाताला घट्टे पडले होते. मासळी विकत घेणाऱ्या बायांनी ती वाचली असेल. शाळेच्या पोरांनी वाचली असेल. सगळ्या घाटकोपरला ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतं ते तिला एकटीला. नेत्रा टॅबमध्ये डोकं का घालून बसली होती ते तिला आता समजलं. तिला रडू येत होतं, पण गुरुवारी, सरकारी माणसासमोर, बोंबलांच्या वाट्यावर रडणं तिला परवडणारं नव्हतं.

“हे बग,” ती म्हणाली. तिने सुरमई ओढली, पाण्यातली सुरी घेतली आणि त्याच्या डोळ्यांसमोर खवले काढले, कल्ले उपटले, पोट फाडलं आणि एकसारख्या दहा तुकड्या पाडल्या. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. “आता सांग, ही कोनी कापली? मी का तुज्या सचिवानं?”

“मला दिसतंय हो आजी. पण उद्या कुणी तक्रार केली, की परावलंबी बाईला ओटा दिला, तर नोकरी माझी जाईल. दोन कागद आहेत, परवाना आणि हे कार्ड, दोन्हीवर तुमचं नाव. एक खरा तर दुसरा खोटा. सचिवांनी लिहून दिलं की हा शब्द चुकीचा आहे, तर मी आत्ता अंगठा घेतो. पण सर्वे आज एकला बंद होतो.”

आणि नेमके तेव्हाच सचिव आले. देवळात सत्कारमूर्ती सापडेना, विकी तोंड उघडेना, शेवटी फुलवाल्याने सांगितलं की ती खुर्चीवाली होय, ती मंडईत असते. तेव्हा श्यामकांत, दोन देणगीदार, ताटात शाल-श्रीफळ घेतलेली नेत्रा आणि फोटोवाला अशी वरात मासळीच्या गल्लीत शिरली. देणगीदारांनी रुमाल नाकाला लावले होते. श्यामकांतांनी लावला नव्हता, पण ओल्या फरशीवर ते बोटांवर चालत होते.

“आजी!” ते म्हणाले. “तुम्ही इथे?”

“मी हितंच असते.”

“पण दर्शन?”

“त्येच्या दारावरनंच येते ना. तो बगतो मना, मी बगते त्याला.”

फोटोवाल्याने सवयीने दोन फोटो काढले. श्यामकांतांनी त्याला हाताने थांबवलं. अनंतने पुढे होऊन त्यांना सगळं सांगितलं, अदबीने सांगितलं, आणि म्हणाला, “सर, एक ओळ लिहून द्या. बाई काम करतात, शब्द नजरचुकीने पडला, एवढंच.”

श्यामकांतांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. “नजरचूक कशी म्हणता? आमच्या नोंदी तपासलेल्या असतात. निधी त्याच अटीवर मिळतो. पूर्णतः परावलंबी आणि उत्पन्न शून्य. आज मी एकीसाठी चूक मान्य केली तर उद्या तीनशे कार्डांची तपासणी लागेल.” मग ते सुंदराबाईकडे वळले आणि त्यांनी आवाज गोड केला. “आजी, तुम्ही आम्हाला फसवलंत हो. देवाचं नाव घेऊन फसवलंत. आमची गाडी गरजूंसाठी आहे. जी व्यक्ती कमावते, ती स्वावलंबी. तिने टॅक्सी करावी, रिक्षा करावी.”

“रिक्षात खुरची जात नाय.”

“तो वेगळा विषय आहे.”

सुंदराबाईने सुरी ओट्यावर ठेवली. मग ती शांतपणे बोलायला लागली. मंडईतल्या बायकांना माहीत होतं की सुंदराबाई हळू बोलायला लागली की समोरच्याने निघून जावं. सचिवांना ते माहीत नव्हतं.

“म्हंजे मी घरी बसले तर मना गाडी हाय. कामाला जायचा तर गाडी नाय. मंग घरी बसलेल्या बाईला गाडी कशाला रं?”

“दर्शनाला जा ना. रोज जा. दवाखान्यात जा.”

“आजारी पड, नायतर देवाला जा. तिसरा काय नाय?”

“सर, आपण तो शब्द बदलूया ना,” नेत्रा हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “कमिटीत मांडूया.”

“नेत्रा, ताट धर नीट. नारळ पडेल.”

माणिकला मग राहवलं नाही. “सुंदरे, ह्यो तोच ना गो? डोका वेगला बांद सांगनारा?”

“तोच.”

“चार कोलंब्या वरनं घेनारा?”

देणगीदारांतल्या एकाने रुमालाआडून श्यामकांतांकडे पाहिलं. श्यामकांतांचे कान लाल झाले. “मी... माझा गुरुवार असतो,” ते म्हणाले.

“मंग रविवारचा सांग,” सुंदराबाई म्हणाली. “वीस वर्सं माज्या हातची सुरमय खाल्लीस. तवा मी स्वावलंबी व्हते का नवते, तुला विचारावासा वाटला नाय. पाय गेला तसा तू मना आजी केलास. तुज्याहून पाच वर्सांनी ल्हान हाय मी.”

बायका खदखदून हसल्या. हसण्याने काही होत नाही हे सुंदराबाईला कळत होतं. या माणसाचा अपमान पुष्कळ झाला होता, पण कागद तसाच होता आणि घड्याळात बारा वाजत आले होते. तिने मनात दोन्ही गोष्टी समोर ठेवून पाहिल्या. कार्ड ठेवलं तर गाडी राहील, ती फळी राहील, कुणाचा हात न लागता वर जाता येईल, आणि जायला जागा उरणार नाही. ओटा ठेवला तर जागा राहील आणि तिथवर पोचायला रोज दुसऱ्यांचे हात लागतील. त्या फळीवर तिचा जीव होता. पाय गेल्यापासून पहिल्यांदाच, या तीन महिन्यांत, तिला कुणी उचललं नव्हतं, ढकललं नव्हतं, बिचारी म्हटलं नव्हतं.

तिने फीत डोक्यावरून काढली. हात सुरमईच्या रक्ताने माखले होते. कार्ड तिने तसंच श्यामकांतांच्या पुढे धरलं. त्यांना ते घेववेना. शेवटी नेत्राने ताट फरशीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी ते घेतलं.

“लिव रं,” सुंदराबाई अनंतला म्हणाली. “कार्ड परत केला. आता एकच कागद.”

अनंतने सुटकेचा श्वास सोडला. कार्ड परत केल्याची एक ओळ त्याने सचिवांकडून लिहून घेतली, आणि ती मात्र त्यांनी झटकन दिली. मग त्याने फोटो काढला. सुंदराबाईने तो सुरी हातात धरूनच काढू दिला. अंगठा घेताना मात्र पंचाईत झाली. चाळीस वर्षं खवले काढून बोटांच्या रेषा झिजल्या होत्या, यंत्र अंगठा ओळखेना. सहाव्या वेळेला करंगळी लागली. यंत्राने एकदा टुणकन आवाज केला आणि नव्या मंडईतला ओटा तिचा झाला.

वरात परत फिरली. शाल वाया जाऊ नये म्हणून गाडीत बसलेल्या अकरा दर्शनवाल्या आजोबांच्या खांद्यावर घातली. त्या आजोबांना ऐकू कमी यायचं, त्यांना वाटलं थंडी वाजेल म्हणून घातली. जाताना श्यामकांतांनी मोठ्या मनाने सांगितलं, “आजचा दिवस विशेष बाब म्हणून घरी सोडू तुम्हाला.” सुंदराबाईने मान वर केली नाही. ती बोंबलांवर पाणी शिंपडत होती.

तीन वाजता देवळाच्या दारात विकी पाच मिनिटं हॉर्न वाजवत थांबला, मग गेला. त्याचा काही दोष नव्हता, उद्यापासून कार्डाशिवाय फळी सोडली तर त्याचंच कार्ड गेलं असतं.

साडेतीनला माहुलचा टेम्पो मंडईच्या मागच्या दाराशी लागला. रिकाम्या पाट्या चढल्या, बर्फाचे खोके चढले, बायका चढल्या. सुंदराबाई खुर्चीत बसून त्या छातीएवढ्या फाळक्याकडे बघत होती. उद्या शुक्रवार. मग शनिवार, मग रविवार, आता रविवारीही यायचं. मग पाऊस, तो फाळका ओला. पुढची जेवढी वर्षं हातात सुरी धरवेल तेवढी वर्षं दिवसातून दोनदा हेच. तिला त्याची भीती वाटत होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

माणिक खाली उतरली. मागोमाग आणखी तिघी. चौघी खुर्चीभोवती उभ्या राहिल्या. एकीने तोंड वाकडं करून “अगो बाय...” असं सुरू केलं.

“थांब,” सुंदराबाई म्हणाली. “कोनी बिचारी बोलला तर तोंडावर पानी मारीन. मना पेशंटसारखी उचलू नका. मालासारखी उचला.”

“म्हंजे कशी गो?” माणिकने विचारलं.

“सुरमय कशी उचलतेस?”

“खाली पडली तर नुसकान व्हईल, अशी.”

“मंग तशी.”

चौघींनी तिला उचललं. दोघींनी काखेत हात घातले, दोघींनी मांड्यांखाली, आणि एक दोन तीन म्हणत वर घेतलं. वर नेताना एकीचा हात सटकला आणि सुंदराबाईचा डावा गुडघा फाळक्याच्या पत्र्यावर आपटला. कळ डोक्यात गेली. तिने त्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती बाईही मागे हटली नाही, “इतकी जड हायस ती कमी खा ना मंग,” म्हणून तिने वर दोन शिव्या घातल्या. सुंदराबाईच्या डोळ्यांत पाणी होतं, गुडघा ठणकत होता, आणि दीड वर्षात पहिल्यांदाच कुणीतरी तिला मनापासून शिवी दिली होती. ती पाट्यांच्या मध्ये सरकून नीट बसली आणि ड्रायव्हरला ओरडून म्हणाली, “चल रं, माल चढला.”